लाल पट्ट्यांचे पाटे

नाशिक रोड,
२१ ऑक्टोबर २००७

चि. नवनाथ,

जयभीम. गुडगावहून फोनवर तू 'हां, बरं, ठेवतो' एवढ्यात आईला उरकतोस. म्हणून म्हटलं, खोक्यातच पत्र घालावं. खोकं तर तू उघडशीलच.

तुझ्या त्या उड्यांच्या पायांचे हे खूर आणि सांध्यातलं बूश सातपूरला कुणाकडून तरी बनवून घे आणि बाबांना कळू देऊ नको, असं तू संजनाकरवी सांगितलंस. वा रे वा! दोन खोल्यांच्या घरात खोकं लपवायचं कुठे, तेही सांगायचं होतंस. मी ते शिलाई मशीनखाली सरकवलं आणि शाळेत गेले. संध्याकाळी येऊन बघते तर तुझे बाबा गॅलरीत बसलेले, चष्मा कपाळावर आणि तुझं बूश वर्नियरमध्ये. आधी माप घेतलं आणि मग आपण रागावलोय हे त्यांना आठवलं. आठवल्यावर बूश आपटलं आणि विचारलं, "कसलं हाय हे?"

"तुम्हाला माहीत नाही होय?" मी म्हटलं.

आपटलेलं बूश परत उचलून उजेडात धरलं. म्हणाले, "भोक लांबट झालंय. असंच फिरवत राहिला तर एक दिवस गुडघा जाईल त्याचा."

बूश त्यांनी अंबडला देवरामकाकांच्या लेथवर स्वतः उभं राहून केलं. खूरही त्यांनीच कापले. जुन्या खुरांचं रबर इतकं झिजलं होतं की आतलं अॅल्युमिनियम दिसत होतं. फरशीवर त्याचं काय होतं, हे मला विमान फॅक्टरीतल्या फिटरच्या बायकोला सांगायला नको. "मी केलं म्हणून कळवू नको," असं त्यांनी बजावलंय. म्हणून कळवते.

तुमच्या दोघांत मी कुणाची बाजू घ्यावी ते मला अजून कळत नाही. गंगापूर रोडच्या त्या लॉन्सवर साहेबांच्या मुलीचं लग्न होतं, बाबा सफारी घालून गेलेले. तू कंपनीत मार्केटिंगला आहेस असं आम्ही समजत होतो. आणि दारातच तू! तोंडाला रंग, गुडघ्याखाली ते उड्यांचे पाय बांधलेले, मागे कमानीसारखा वाकणारा पाटा, पाहुण्यांच्या डोक्याएवढ्या उड्या. तेवढंही त्यांनी गिळलं असतं रे. पण कुणीतरी जिलबी उंच धरली आणि तू उडी मारून ती तोंडात धरलीस. सगळे हसले.

घरी येऊन ते काय म्हणाले ते मला पाठ आहे. "माझा बाप लग्नात वाजवायचा आणि पंगत उठेस्तोवर बाहेर बसायचा. छप्पन साली त्यानं ढोलकं सोडलं. आणि तू परत लोकांच्या दारात जाऊन उभा राहिलास?" आणि तुझं उत्तरही पाठ आहे. "तुमच्या बापाला कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. मला वाजवतात." दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि मी त्या दोन्हींच्या मध्ये राहते.

खूर बसले की कळव. जेवतोस का वेळेवर?

तुझी आई


नाशिक रोड,
९ डिसेंबर २००७

चि. नवनाथ,

'ओके फिट.' संजनाला एवढाच मेसेज केलास. बाबांना दाखवला. "डावा का उजवा?" म्हणाले. आता मेसेजमध्ये ते कुठून असणार?

संजनानं तुझा उडी मारतानाचा फोटो कुठूनतरी मिळवून छापून आणला. मी तुझा चेहरा बघत होते, वाळलास. बाबा पाय बघत होते. काल भिंग घेऊन बसले आणि म्हणाले, "हे पाटे ह्याच्या वजनाचे नाहीत गं. हलक्या माणसाचे हायेत. बघ कसे पार दुमडतायत." माणूस जितका जड तितका पाटा दणकट लागतो, आणि दोन्ही पायांना एकाच मापाचा लागतो, असं त्यांचं म्हणणं. मग विचारलं, "वजन किती त्याचं?"

जन्मलास तेव्हा किती होतास ते मी झोपेतसुद्धा सांगेन. आता किती आहेस? पोटच्या पोराचं वजन आईला माहीत नाही. गॅसवर भाजी होती ती करपली, मी रडत बसले, आणि हे बिचारे गॅस बंद करायचा सोडून मला म्हणतात, "अंदाजे सांग."

अंदाजे काय सांगू? तू गेलास तेव्हाच्या तुझ्या पँट्स कपाटातून काढून त्यांनी कमरेचं माप घेतलं. त्यावरून काही जमेना. ठेवून दिल्या घडी करून.

तर वजन कळव. खरं कळव, स्थळासाठी विचारत नाहीये. आणि तुझ्याकडे दोन जोड्या आहेत ना, त्यातली एक इकडे पाठव. बाबा म्हणतात, फोटोवरून डॉक्टरसुद्धा औषध देत नाही. हे त्यांनी सांगितलं असं अर्थातच मी तुला सांगितलेलं नाही.

खोक्यात गुडघ्याचे पट्टे आहेत. आतून मऊ कापड मी शिवलंय, तुझ्या जुन्या स्वेटरचं.

आई


नाशिक रोड,
१७ फेब्रुवारी २००८

चि. नवनाथ,

वजन मी पत्रात विचारलं, उत्तर मात्र संजनाच्या मेसेजला आलं. असू दे. लाडकी बहीण आहे, मी काय नुसती आई.

जोडी मिळाली. पंधरा दिवस गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक नट वेगळ्या वाटीत, माझ्या वाट्या! आमटी पेल्यातून प्यायलो. बाबांचं पाट्यांबद्दलचं म्हणणं खरं निघालं, तुझ्यापेक्षा बऱ्याच हलक्या माणसाचे होते. शिवाय दोन्ही पाट्यांच्या कडेला फायबरचे पांढरे धागे सुटलेले. आधी ते द्वारकेला ट्रकच्या पाटेवाल्याकडे गेले, लोखंडाचे करून देतो का विचारायला. तो म्हणाला, "दादा, ट्रक उड्या मारतो का?" मग मुंबईहून एक माल आणणारा सापडला, त्याच्याकडून तुझ्या वजनाचे नवे मागवले आणि जोडीला बसवून पाठवतोय.

आता नीट वाच. जुने पाटे कागदात गुंडाळून वेगळे घातलेत. ओझरला, फॅक्टरीत, विमानाचा कुठलाही भाग बाद म्हणून काढला की त्याला लाल रंग मारायचे, चुकून परत कुणी बसवू नये म्हणून. वर करवतीनं तुकडेही करायचे. बाबांनी करवत बाहेर काढली होती, मग ठेवून दिली. "त्याची वस्तू हाय. त्याला न विचारता कशी कापू? त्यानं बघू दे डोळ्यांनी, धागे कसे सुटलेत ते. लोखंड वाकून सांगतं तरी. हे काहीच सांगत नाय, एकदम तुटतं." म्हणून लाल पट्टे मारून तुझे तुला परत पाठवतोय. लाल म्हणजे काढलेलं, कुठेही बसवायचं नाही. हे पाठीमागे उभे आहेत आणि अजून एकदा लिही म्हणतात, म्हणून लिहिते: लाल म्हणजे काढलेलं. बसवायचं नाही.

गेले एकदाचे आत. आता खरी गंमत सांगते.

गेल्या रविवारी पाणी आलं का बघून येतो म्हणून ते गच्चीवर गेले ते येईनातच. मी वर गेले. बघते तर तुझे बाबा टाकीच्या वर! तुझे ते पाय बांधलेले, एका हातात टाकीचा पाइप, दुसरा हात हवेत. मी ओरडले, "उतरा आधी!"

"थांब गं जरा. इथून पार स्टेशन दिसतंय."

आणि एक उडी मारली, नवनाथ. एवढीशीच, वीतभर असेल. पाइप सोडला नव्हता. पण चेहऱ्यावर काय आलं ते मला लिहिता येत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मी तो चेहरा पाहिला नव्हता. मग लक्षात आलं की यांना उतरता येत नाही. शेवटी टाकीच्या कठड्यावर बसवून मी पट्टे सोडले. शेजारच्या कुसाबाई पापड वाळत घालायचं सोडून बघत होत्या. "भाऊंना काय झालं हो?" मी म्हटलं, "टाकी धुतायत."

जिना उतरताना म्हणाले, "टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. तरी बरं वाटलं."

हे तुला कळवलं तर घर सोडून जाईन, असं म्हणालेत. कुठे जातायत!

तुझी आई


नाशिक रोड,
१६ मार्च २००८

चि. नवनाथ,

तुझा फोन आला तेव्हा हे दूध आणायला गेलेले. "सामान मिळालं आई, लाल रंग एक नंबर," म्हणालास आणि ठेवलास. आले तेव्हा त्यांना सांगितलं. काही वेळ दुधाची पिशवी तशीच हातात धरून उभे राहिले आणि मग हसले. "माझी टिंगल करतो. फॅक्टरीवाला म्हणून. म्हणजे पत्र वाचतो गं तो."

दोन दिवस घरात शीळ चालू होती. टिंगल झाल्यावर इतका आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

तर त्या आनंदाच्या भरात ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. मी त्यात मीठमसाला घातलेला नाही. काल जयंतीच्या कमिटीची पोरं पावती घेऊन आली होती. ती गेल्यावर हे म्हणाले, "विचार त्याला, चौदा एप्रिलला येतो का. ते पाय घेऊन यायचं म्हणावं. पांढरे कपडे घालायचे, रथाच्या पुढं राहायचं. तोंडाला रंग नाय लावायचा."

मी म्हटलं, "आणि लोकांच्या दारातल्या उड्या?"

"ह्या लोकांच्या दारातल्या नाहीत. आपल्या मिरवणुकीत, आपल्या माणसांत उडी मारली तर कोण जिलबी धरणार हाय? मी रथाच्या बाजूनं चालतो. नट ढिला झाला तर पाना असेल माझ्या खिशात."

बघ बाबा. माफी मागणं त्यांना येत नाही, त्यांच्या घराण्यात कुणालाच आलेलं नाही, तुझ्यासकट. हे त्यांचं तेच आहे. पाना तेलात घालून ठेवलाय. ये.

आई


नाशिक रोड,
६ एप्रिल २००८

नवनाथ,

तुझ्या मित्राचा फोन आला. लग्नात उडी मारताना डावा पाटा तुटला आणि पाय दोन ठिकाणी मोडला, एवढंच समजलं. ऑपरेशन झालं का, शुद्धीवर आहेस का, काही कळत नाही, गुडगावचा फोन लागत नाही.

बाबा आजच्या गाडीनं निघतायत. हे पत्र त्यांच्या खिशात देते. सकाळपासून एकच वाक्य बोलतायत, "माझाच पाटा तुटला." मी म्हटलं, नवा होता, कसा तुटेल? "नवाच होता. मग वजनात चूक झाली का माझी?" पिशवीत कपड्यांऐवजी वर्नियर घालत होते. मी काढून ठेवलं.

त्यांच्यावर रागावू नकोस. निदान तिथे, दवाखान्यात तरी रागावू नकोस. मला इथून काहीच करता येत नाही रे. मी नुसती दारात उभी आहे.

आई


नाशिक रोड, घरातूनच,
२९ जून २००८

नवनाथ,

तू आतल्या खोलीत आहेस आणि मी ओट्यापाशी बसून तुला पत्र लिहितेय. कुणी ऐकलं तर म्हणेल, बाई भ्रमिष्ट झाली. पण बोलायला गेलं की तू भिंतीकडे वळतोस. म्हणून ही जुनी खोड.

दवाखान्यात तू बाबांना एकच वाक्य बोललास. "तुम्ही पाठवलेलाच पाटा होता." तुटलेला तुकडा तोवर त्यांनी पाहिला होता, तरी ते तुझ्याशी वाद घालायला गेले नाहीत. त्याला लाल पट्टा होता. जुने पाटे तू दुसऱ्या जोडीला बसवलेस. रंगवलेत म्हणजे नवीन असतील, असं तुला वाटलं. तुझ्या मित्रानंच मला फोनवर सांगितलं.

तेव्हापासून हे मला रोज विचारतात, "तू नीट लिहिलं होतंस ना गं?" मी म्हणते, "दोनदा लिहिलं होतं." "मग माझंच सांगणं कमी पडलं. कापायलाच पाहिजे होते." जेवताना हात थांबतो. करवत त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकली.

आणि मला खरं कारण ठाऊक होतं. तुझे कपडे धुवायला बॅग उपसली तेव्हा तळाशी माझी पाकिटं निघाली. सगळी. बंद. खोकी तू उघडलीस, पाकिटं बाजूला ठेवलीस. फेकली नाहीस, यावर मी किती दिवस जगले ते तुला सांगून कळणार नाही. पण फोडलीही नाहीस. मी ती माझ्या साड्यांखाली ठेवली आणि तोंड शिवून बसले. बाबांना सांगावं तर ते मोकळे होणार, आणि आपलं एकही पत्र पोरानं वाचलं नाही हे त्यांना कळणार. 'टिंगल करतो म्हणजे वाचतो' म्हणून शीळ घालणाऱ्या माणसाला ते कसं सांगू? तुला सांगावं तर तुझा पाय तुझ्याच हातानं गेला, हे तुला अंथरुणात पडल्यापडल्या कळणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी मध्ये पोळ्या लाटतेय.

आज सकाळचं तू पाहिलंसच. उजव्या कुबडीचं रबर झिजून ती फरशीवर घसरते, हे तू मला म्हणालास, त्यांना नाही. त्यांनी दाराआडून ऐकलं. बाजारात गेले, नवं रबर आणलं, बसवलं, दोनदा दाबून पाहिलं. आणि हाताची सवय बघ, जुन्या रबरावर लाल पट्टा ओढून ते तुझ्या उशाशी स्टुलावर ठेवलं.

दवाखान्यातल्या त्या वाक्यानंतर तू त्यांच्याशी आपणहून पहिल्यांदा बोललास. "बाबा, ह्याला लाल का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नवनाथ, त्या एका नजरेत त्यांना सगळं समजलं. मला वाटलं आता ओरडतील. निदान म्हणतील, लिहिलं होतं ना! त्यांनी फक्त सांगितलं, "लाल म्हणजे काढलेलं. परत बसवायचं नाय." एखाद्या नवीन पोराला पहिल्या दिवशी सांगावं तसं. आणि बाहेर जाऊन गॅलरीत बसले.

तू ते रबर हातात घेऊन किती तरी वेळ बघत होतास. मग मला विचारलंस, "त्या पाट्यांचं असंच सांगितलं होतं का? कुठे?" मी कपाट उघडलं.

पाकिटं तुझ्या पायाशी ठेवतेय. त्यांच्या वर हे पत्र. याला पाकीट घातलेलं नाही, उगाच विषाची परीक्षा कशाला.

क्रमानं वाच. डॉक्टर म्हणाले ते तुलाही ठाऊक आहे, चालशील, थोडा लंगडत चालशील, उड्या नाहीत. म्हणून मार्चचं पत्र मी काढून घेणार होते, ज्यात जयंतीचं आहे. दोनदा काढलं आणि दोनदा परत ठेवलं. ते वाचायचं की नाही ते तुझं तू ठरव. मला काही सुचत नाही. पाना अजून तेलातच आहे.

फेब्रुवारीचं मात्र वाच. त्यात तुझे बाबा गच्चीवर आहेत. हसू आलं तर दाबू नकोस, मोठ्यानं हस. गॅलरीचं दार उघडं आहे, आणि ते मघापासून पेपर उलटा धरून बसलेत.

तुझी आई